तळ्यातल्या काठ्या कोण हलवतं?

तरवड फुलला की मला माणसांचा संशय येऊ लागतो.

खरं तर तरवडाइतकं निरुपद्रवी झुडूप नाही. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, शेळ्यासुद्धा हुंगून पुढं जातात. पोळा झाला की ते अंगभर पिवळं होतं आणि भादव्याच्या उन्हात रिकामटेकड्या पाव्हण्यासारखं बांधावर उभं राहतं. पण आमच्या तळ्याच्या पाळीवर हा पिवळा रंग चढतो तेव्हा खाली पाणीही चढलेलं असतं. आणि पाणी चढलं की काठावर येणाऱ्या प्रत्येकाकडं मी चोर पकडायला आल्यासारखा बघतो. हा विजार का दुमडतोय? ही मंडळी डबे घेऊन आलीत, मग सावलीत का बसत नाहीत? तो मोबाइल उंच धरून मागं मागं का सरकतोय? माणूस पुढं चालताना निदान खाली बघतो. मागं सरकताना फक्त स्वतःकडं बघतो.

यंदा तळं भरलं. काल ग्रुपवर गुरुजींचा निरोप आला : 'सर्व सभासदांनी आपापली शिट्टी व दोर घेऊन रविवारी हजर राहावे. सबबी चालणार नाहीत.' त्याखाली चौघांनी अंगठा दाखवला, एकानं गुलाबाचं फूल टाकलं आणि एकानं विचारलं, 'शिट्टी हरवली असल्यास काय करावे?' विचारणारा मी होतो. मी या मंडळाचा सेक्रेटरी आहे.

मंडळ म्हणजे जीवरक्षक मंडळ. बुडणाऱ्याला वाचवणारं. आमचं गाव केज तालुक्यात, म्हणजे समुद्र आम्ही टीव्हीतच बघितलेला. आष्टीकडच्या माझ्या मेहुण्याला मंडळाचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. "दाजी," तो म्हणाला, "तुमच्याकडं बुडायपुरतं पाणी हाय का पण?" त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात माणूस पाण्यासाठी मरतो हे सगळ्यांना ठाऊक. पाण्यात मरतो हे सांगायला जरा लाज वाटते. पण मुरमाचा उतार, त्यावर ढोरांच्या खुरांचे ठसे, एक वडापावचा गाडा आणि पुढं नजर पुरणार नाही एवढं गढूळ पाणी, एवढ्या भांडवलावर जीपवाले आता आमच्या थांब्याला चक्क 'बीच' म्हणतात. "चला, बीचवाले कोण हायत, उतरा!" मी उतरतो. उतरताना मागं कोण उतरतंय तेही बघून घेतो.

*

मंडळ निघालं ते अशोकमुळं.

अशोक माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, माझ्याच गल्लीतला. त्या साली विसर्जनाला तळं काठोकाठ होतं. तो गल्लीचा गणपती डोक्यावर घेऊन पाण्यात उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यानं 'मोरया' म्हटलं, बाजूला एक पाऊल टाकलं आणि गणपतीसकट दिसेनासा झाला. काठावर आम्ही तीस-चाळीस बाप्ये होतो, आणि पोहता येत नाही असा त्यात एकही नव्हता.

हेच तर दुखणं. आमचं पोहणं विहिरीतलं. पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधून बापानं वरून ढकलून दिलेलं. विहिरीत चार हात मारले की भिंत येते. कपारीला धरायचं, दम खायचा, वर बसलेल्यांना शिव्या द्यायच्या, परत चार हात. आयुष्यभर आम्ही यालाच पोहणं समजत आलो. त्या दिवशी सात-आठ जणांनी उड्या टाकल्या. चार हात मारले आणि सवयीनं भिंत धरायला हात पुढं केला. भिंत नव्हती. तो हात पाण्यातून तसाच रिकामा परत आला, हे मी अजून विसरलेलो नाही. सगळे माघारी फिरले. मीही. अशोक दुसऱ्या दिवशी सकाळी वर आला.

तळ्यानं माणूस मागितला, असं गाव म्हणालं. तळ्याला बोल लावणं सोपं असतं. तळं ग्रामसभेला येत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात मंडळाची पहिली बैठक झाली. निवृत्त झालेले आमचे गुरुजी अध्यक्ष. अक्षर बरं म्हणून मी सेक्रेटरी. ठराव लिहीत होतो तेवढ्यात अशोकची बायको, कांतावहिनी, येऊन पायरीवर बसली.

"मला बी घ्या."

"वहिनी, तुम्हाला पोहायला येतं का?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"न्हाई येत. तुमाला येत व्हतं की, भावजी. काय उपेग झाला?"

गुरुजींनी खिशातली शिट्टी काढली आणि तिच्या हातात दिली.

मंडळाचं पहिलं वर्ष मोठं देखणं गेलं, कारण तळ्यात पाणीच नव्हतं. पाऊस रुसला. जीव वाचवायला आम्ही बारा जण तयार आणि बुडायला थेंब नाही. पण गुरुजी शिस्तीचे. दर रविवारी ते आम्हाला भेगाळलेल्या तळात नेत. एक जण बुडणारा व्हायचा, मातीवर पडून हातपाय झाडायचा. बाकीचे ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन धावायचे. पाळीवरून ये-जा करणारी माणसं थांबून बघत. "काय झालं बे, मिर्गी आली का कुनाला?" मी बुडणाऱ्याचं काम इतकं जीव ओतून करायचो की एकदा एका म्हातारीनं खरंच कांदा आणून माझ्या नाकाला लावला.

*

आज सकाळी मुगाच्या शेंगा तोडताना हे सगळं आठवत होतं. वाळल्या शेंगा हातात तडकतात, ऊन पाठीवर तापल्या तव्यासारखं बसतं, आणि वाऱ्याची झुळूक आलीच तर तळ्याकडून येते, गाळाचा ओला वास घेऊन. हा वास आला की मी हातातलं काम ठेवून उभा राहतो. बायको म्हणते, "कावून थांबलात?" काय सांगू? त्या भादव्यातही हाच वास होता.

तो भादवा मंडळाच्या दुसऱ्या वर्षाचा. तळं पुन्हा तुडुंब भरलं आणि आमची खरी परीक्षा झाली. पाण्यातल्या वाळक्या बाभळीला हात लावून परत यायचं. मी निघालो, चार हात मारले, आणि भिंत आठवली. नेमकी तेव्हाच शेजारून एक म्हैस पोहत चालली होती. मी तिचं शेपूट धरलं. म्हशीनं मला बाभळीपर्यंत नेलं, तिथून पलीकडच्या काठाला नेलं, आणि तिथं काठावरच्या चिखलात बसून घेतलं. गुरुजींनी वहीत शेरा मारला : 'उत्तीर्ण (म्हैस).' ती वही अजून माझ्याच ताब्यात आहे, म्हणून बरं.

विसर्जनाला दहा दिवस उरलेले. माणसांनी कुठवर पाण्यात जावं हे दाखवायला लाल फडकी बांधलेल्या काठ्या रोवायचं काम माझ्याकडं आलं. मी शहाणा माणूस. हातात बांबू घेऊन उतरलो, जिथवर कमरेइतकं पाणी आणि छातीत धडधड कमी तिथवर गेलो, आणि ओळीनं काठ्या रोवल्या. काठावरून बघितलं तर ओळ अशी सरळ की गुरुजींनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडच्या तीन काठ्या काठाच्या बाजूला सरकलेल्या. मी पुन्हा जागेवर नेल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा सरकलेल्या.

मग माझ्या अंगात पोलीस शिरला. संशय एकदा लागला की खरजेसारखा असतो, खाजवावं तितकं बरं वाटतं. वडापाववाल्याचा आला : गिऱ्हाइकं गाड्याजवळ राहावीत म्हणून हलवत असेल. ज्याला सेक्रेटरी व्हायचं होतं त्याचा आला. एकदा तर गुरुजींचाच आला, कारण "पाण्यालाच ओढ असेल" असं ते फार सहज म्हणाले. कांतावहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, काठ्या रोज हलत्यात म्हंजी कोनतरी रोज पान्यात जातंय. त्यो बुडंना कसा, ते बगा." मी ते ऐकलं नाही. मला गुन्हेगार हवा होता.

दिवस उजाडता उजाडता तरवडाच्या झुडपात दबा धरून बसलो. कपड्यांना पिवळी फुलं, मानेवर मुंग्या. थोड्या वेळानं घंटांचा आवाज आला. भीमाबा धनगर मेंढरं घेऊन पाण्यावर येत होता. सत्तरीचा माणूस, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. मेंढरं काठाला लावून तो धोतर खोचून पाण्यात शिरला, चाचपडत माझ्या काठीपाशी गेला, ती उपटली आणि चार पावलं अलीकडं आणून रोवली.

मी झुडपातून उडीच मारली. "पकडलं! आबा, काठ्या कावून हलवता?"

भीमाबानं आधी माझ्या डोक्यावरची फुलं बघितली. "सेक्रेटरी, देवाला निगालता का?"

"विचारलं त्याचं बोला."

"तितं खड्डा हाय."

"मी स्वतः बांबूनं बघितलंय. तुम्हाला काय माहीत?"

"उनाळ्यात माजी मेंढरं कुटं चरत्यात? ह्याच तळ्याच्या पोटात. तुमी वरलं पानी बगता, मला खालची जिमीन ठावं हाय."

यावर एखादा विचार करणारा माणूस थांबला असता. मी बैठक बोलावली.

व्हरांडा भरला होता. मी उभा राहून आरोप ठेवला : मंडळाच्या कामात अडथळा, विसर्जनाच्या तोंडावर, आणि तेही ज्या गावानं एक माणूस गमावलाय त्या गावात. चांगलं बोललो. लोक माना डोलवत होते. भीमाबा खांबाला टेकून बसलेला. कांतावहिनीनं त्याला विचारलं, "आबा, खरंच खड्डा हाय?"

"हाय."

"कुनाचा?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मी मेंढरं राखतो पोरी, मान्सं न्हाई."

"बघा," मी म्हणालो, "सांगता येत नाही, कारण खड्डाच नाही." विसर्जन होईपर्यंत भीमाबाची मेंढरं तळ्यावर येऊ द्यायची नाहीत, असा ठराव झाला. माझं अक्षर त्या दिवशी विशेष सुंदर पडलं. भीमाबा उठला, "बरं हाय," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी काठ्या पुन्हा जागेवर न्यायला एकटाच गेलो. एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. मीच लिहिलेला. पाणी कोमट होतं, चतुर भिरभिरत होते. कमरेइतकं पाणी. काठी रोवली. ती जरा वाकडी वाटली म्हणून नीट बघायला एक पाऊल बाजूला टाकलं.

खाली काही नव्हतं.

आत जाताना कान बंद झाले आणि डोळ्यांपुढं गढूळ, पिवळट उजेड. तोंडात गाळ गेला. वर आलो, चार हात मारले, आणि भिंत धरायला हात पुढं केला. पुन्हा खाली. माणसाला अशा वेळी देव आठवतो म्हणतात. मला जिभेवरच्या त्या मातीची चव आठवली. ओळखीची होती. रोज माझ्या पायाला लागणारी, माझ्या शेतातली.

तोंडावर काहीतरी ओलं येऊन पडलं. कापड. ते घट्ट धरलं. काठाशी भीमाबा गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय रोवून उभा होता, डोकं बोडकं, आणि त्याचा अख्खा पटका सुटून पाण्यावरून माझ्यापर्यंत आलेला. बंदी होती म्हणून मेंढरं पाळीवरून पलीकडच्या ओढ्याकडं घेऊन चालला होता. त्यानं मला ओढून मुरमावर टाकलं. मी ओकलो, खोकलो, परत ओकलो. मेंढरं गोळा होऊन बघत होती.

"ह्यो तुमचाच हाय, सेक्रेटरी," तो पटका पिळत म्हणाला. "मागल्या वैशाखात तुमचा ट्रॅक्टर हितंच लागलता. मी वरच्या अंगाला व्हतो."

तेव्हा सगळं समोर आलं. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात कोरड्या तळातून गाळ न्यायला अख्खं गाव लोटलं होतं. काळा, लोण्यासारखा गाळ. माळरानावर पसरला की कापूस कमरेला लागतो. खणायचं तळ्याच्या मध्यात, काठाशी नाही, असं ठरलेलं. पण मधून भरलेला ट्रॅक्टर वर चढताना रुततो. काठाशी खणलं की दिवसात दुप्पट खेपा होतात. मशीनवाला म्हणाला, "अजून खोल घेऊ का?" आणि मी म्हणालो, "घे." जीवरक्षक मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला, घे. रविवारी जिथं आम्ही बुडण्याची तालीम करायचो तिथंच, सोमवार ते शनिवार, आम्ही बुडायची जागा खणत होतो. कोरडं तळं आणि भरलेलं तळं ही दोन वेगळी गावं असतात. एकातला पत्ता दुसऱ्यात सापडत नाही.

"मग काल बैठकीत का नाही सांगितलं आबा?"

"तुमी लई चांगलं बोलत व्हता."

*

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो तेव्हा अक्षर, आवाज, सगळं गेलेलं होतं. खड्डा माझा आहे, एवढंच म्हणालो. भीमाबावरची बंदी मागं घ्या, म्हणालो. मग मागून कुणीतरी खाकरलं. "बाबळीच्या अलीकडं माजा बी एक हाय." मग दुसरा. मग तिसरा. इतके दिवस आम्ही एकमेकांना काही विचारलं नव्हतं, कारण जो विचारील त्यालाही सांगावं लागलं असतं. सगळ्यांच्या शेतात तो काळा गाळ होता आणि सगळ्यांची पिकं जोरात होती.

गुरुजींनी हजेरी घेतल्यासारखी नावं लिहिली. मग म्हणाले, "काठ्या हलतात. माणूस हलत नाही. ज्याचा खड्डा, त्यानं विसर्जनादिवशी त्याच्या कडेला उभं राहायचं. सगळ्यांच्या हातातून एकच दोर."

आजही हीच रीत आहे. परगावची पाव्हणी मंडळी विचारतात, ही माणसं पाण्यात नुसती उभी का? नवस आहे का? आम्ही हो म्हणतो.

त्या पहिल्या विसर्जनाला ढग नव्हते. पाणी आरशासारखं चमकत होतं आणि भीमाबा पाळीवर उभा राहून एकेकाला जागेवर लावत होता. "डावीकडं या. अजून. हां, तितंच, मागं सरू नगा." मी माझ्या खड्ड्याच्या कडेला, बोटांनी जमीन धरून. दोर हातातून हातात गेला. काठावर गणपती डोक्यावर घेऊन माणसं तयार. गुरुजी हात वर करणार तेवढ्यात भीमाबा ओरडला, "थांबा. एक कमी हाय."

हलगी बंद पडली.

"कुणाचा, आबा?" गुरुजींनी विचारलं.

"ज्याचा हाय त्यानं यावं. मी न्हाई सांगनार."

ज्या जागेकडं तो बघत होता ती जागा सगळ्यांना माहीत होती. तिथंच अशोक गेला होता. त्या साली गावात पहिल्यांदा ट्रॅक्टर तळात उतरले होते, आणि तिथला गाळ कुणी नेला हे आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. म्हणजे त्याला मारणारा आमच्यातच उभा होता. मी पाण्यातून काठावरचा एकेक चेहरा तपासला. वडापाववाला खाली बघत होता. सरपंचाचा पुतण्या उगाच फोनमध्ये. दोराला धरलेली आम्ही माणसं एकमेकांकडं बघत होतो, आणि दोर हळूहळू ताणत चालला होता. डोक्यावरचे गणपती जड होऊ लागले. "आरं कोन हाय त्यो, या की मुकाट्यानं!" कुणीतरी काठावरून ओरडलं. मला वाटलं, आता मारामारी होणार. कांतावहिनी सगळ्यांच्या पुढं उभी होती, आणि तिच्या तोंडाकडं बघायची माझी छाती होईना.

तिनं गळ्यातली शिट्टी काढून गुरुजींच्या हातात दिली. पदर खोचला आणि पाण्यात उतरली.

"वहिनी!" मी ओरडलो. "तुम्हाला पोहता येत नाही!"

"उबं ऱ्हायला येतं."

ती दोराला धरून आमच्या ओळीतून पुढं गेली. तिला कुणी वाट दाखवली नाही, तिनं विचारलीही नाही. त्या जागेपाशी थांबून तिनं पायानं चाचपलं, आणि काठाकडं तोंड करून उभी राहिली. पाणी तिच्या कमरेवर आलं होतं.

"ह्यो आमचा हाय," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण पाण्यावरून आवाज लांब जातो. "मालकानं त्या उनाळ्यात हितनंच माती नेली. ते मदीच खनत व्हते. लांबून कशाला आनता, जवळची न्या, खेपा जास्ती व्हतील, आसं मीच म्हनलंतं."

पाळीवरून भीमाबा म्हणाला, "हां. तितंच. मागं सरू नको, पोरी." आणि मग गुरुजींकडं वळून, "झाले समदे."

गणपती उतरू लागले. आमच्या मधून, आम्ही ठेवलेल्या वाटेनं. बाप्ये मूर्ती घेऊन पुढं, बाया खिरापतीची ताटं घेऊन काठापासून कमरेइतक्या पाण्यापर्यंत. कांतावहिनीपाशी आल्या की त्यांची पावलं मंदावायची. तिनं हात पुढं केला नाही. दोन्ही हातांनी दोर गच्च धरलेला, डोळे येणाऱ्यांच्या पायांकडं. पहिल्या बाईला काय करावं सुचेना. मग तिनं चिमूटभर खोबरं-साखर घेतली, दोराच्या वरून हात लांबवला आणि वहिनीच्या तोंडात घातली. मागची प्रत्येक बाई तेच करत पुढं गेली, आणि वहिनी नजर न हलवता चावत राहिली.